मागच्या आवृत्तीचे देणे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उमेदीची सारी वर्षे एका सार्वजनिक संस्थेचे दप्तर लावण्यात घालविली, आणि आपण लिहिलेला कागद आपल्यामागून येणाऱ्या कारकुनास कोणालाही न विचारता वाचता आला पाहिजे असा त्यांचा कटाक्ष असे, असे त्यांच्याबरोबर काम केलेली मंडळी सांगतात. त्या कटाक्षाशी ज्याचे निकटचे नाते आहे असा एक प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. मुक्तस्रोत क्लाउड सॉफ्टवेअरची एक आवृत्ती मागे पडून दुसरी येते तेव्हा वापरणाऱ्याचा जुना संचय सुखरूप पुढे नेण्याची जबाबदारी कोणाची, आणि त्या जबाबदारीवरून एकाच ध्येयाने काम करणाऱ्या माणसांत जे कडवे तंटे उभे राहतात त्यांचे मूळ कशात आहे, हा तो प्रश्न होय. तो तांत्रिक वाटेल. पण त्याची झळ लागते ती संगणकशास्त्राचा गंधही नसलेल्या माणसाला, ज्याने आपली पत्रे, आपले हिशेब आणि मुलाबाळांची छायाचित्रे विश्वासाने कोणा एका यंत्राच्या हवाली केलेली असतात. म्हणून तो अशा सभेत बोलण्याजोगा आहे असे मी मानतो.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुन्हा इतरांना देता येतो असे सॉफ्टवेअर, हे येथील बहुतेकांस ठाऊक आहेच. परंतु ते लिहिणाऱ्याच्या हातून वापरणाऱ्याच्या हाती थेट जाते असे नाही, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. मध्ये डिस्ट्रिब्युशन नावाची एक संस्था असते. ती शेकडो ठिकाणी लिहिली गेलेली हजारो सॉफ्टवेअर गोळा करते, ती परस्परांशी जुळतात की नाही हे पाहते, त्यांची पॅकेजे बांधते, आणि सारे मिळून एक सबंध प्रणाली म्हणून लोकांना देते. या संस्थांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत आदरणीय म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक या तरुणाने १९९३ साली ती सुरू केली; १९९७ साली तिच्या स्वयंसेवकांनी एक सामाजिक करारनामा संमत केला, आणि त्यात वापरणाऱ्यांचे हित व मुक्त सॉफ्टवेअर यांना आपण अग्रक्रम देऊ असे जाहीरपणे लिहून दिले. डेबियनला मालक नाही, भागधारक नाहीत. तिचा कारभार स्वयंसेवकांच्या मतदानाने आणि लेखी नियमांनी चालतो.

त्या नियमांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. पहिला असा की, साधारण दोन वर्षांनी जी ‘स्थिर’ आवृत्ती प्रसिद्ध होते तिच्यातील सॉफ्टवेअर पुढे बदलावयाचे नाही; सुरक्षेतील दोष आढळला तर तेवढी दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवावयाची, पण नवी आवृत्ती घुसवावयाची नाही. दुसरा असा की, एका स्थिर आवृत्तीवर असलेल्या माणसाला पुढच्या स्थिर आवृत्तीवर आपल्या साऱ्या चीजवस्तूंसह जाता आले पाहिजे. ज्या संस्थेत संगणकाकडे पाहणारा माणूस एकच असतो, आणि तोही बहुधा दुसरे काम सांभाळून हे पाहतो, त्या संस्थेला या दोन नियमांनी जे स्वास्थ्य मिळते त्याचे मोल पैशांत करता येणार नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. २०१० सालच्या जानेवारीत फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रामरने, जो केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पात आधीपासून वावरत होता, ओनक्लाउड नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. लोक आपल्या फायली ड्रॉपबॉक्ससारख्या कंपन्यांच्या स्वाधीन करू लागले होते, आणि त्या कोठे ठेवल्या जातात व कोण वाचतो यावर त्यांचा काही ताबा उरला नव्हता. तेव्हा हीच सोय प्रत्येकाला स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या अंमलाखाली करून घेता यावी, ही त्यामागील कल्पना. कल्पना उदात्त होती आणि काळही अनुकूल होता. पीएचपी भाषेत लिहिलेले हे सॉफ्टवेअर अगदी साध्या सर्व्हरवरही चालत असे. पुढच्याच वर्षी त्याच्यामागे एक कंपनी उभी राहिली, भांडवल आले, मोठमोठ्या संस्था गिऱ्हाइके झाल्या. स्वित्झर्लंडमधील सर्न या भौतिकशास्त्राच्या जगद्विख्यात प्रयोगशाळेनेही आपल्या शास्त्रज्ञांसाठी फायलींचे जे कोठार उभारले त्याचा पाया ओनक्लाउडच होता.

प्रकल्पाची गती मात्र विलक्षण होती. सातवी आवृत्ती २०१४ च्या जुलैत आली. २०१५ या एकाच वर्षात ८.०, ८.१ आणि ८.२ अशा तीन आल्या. २०१६ च्या मार्चमध्ये नववी. आणि नियम असा की एकही टप्पा गाळावयाचा नाही. सातवरून नवावर जावयाचे तर आधी ८.०, मग ८.१, मग ८.२, आणि त्यानंतरच ९. हा नियम लहरीने केलेला नव्हता. अशा सॉफ्टवेअरच्या पोटात एक डेटाबेस असतो. कोणती फाईल कोणाची, कोणी कोणाला पाहावयास दिली, कोणती केव्हा बदलली, या साऱ्याच्या नोंदी त्यात असतात, आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर त्या नोंदींच्या रकान्यांची मांडणी थोडीबहुत बदलते. तो बदल घडवून आणणारा कोड फक्त लगतच्या मागच्या मांडणीला ओळखतो. ज्यांना आपल्याकडील जमिनीच्या दप्तराची ओळख आहे त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल: आजोबांच्या नावची जमीन नातवाच्या नावे लावावयाची तर सामान्यतः मधल्या पिढीच्या वारसाची नोंद फेरफारात आधी पडावी लागते, आणि ती पडलेली नसेल तर नातवाचा हक्क कितीही निर्विवाद असो, सातबाऱ्यावर त्याचे नाव चढत नाही. मागच्या सर्व मांडण्या ओळखणारा कोड लिहिता येतोच. पण तो लिहिणे, जपणे आणि प्रत्येक जोडी तपासून पाहणे हे काम कंटाळवाणे, खर्चाचे आणि कोणाच्याही नजरेत न भरणारे असते.

हा एक टप्पा ओलांडणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे थोडे जवळून पाहू. शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सर्व्हरची देखभाल करणारा माणूस हे काम रात्री करतो, कारण दिवसा लोकांच्या फायली अडवून धरता येत नाहीत. तो प्रथम डेटाबेसची आणि फायलींच्या डिरेक्टरीची प्रत काढून ठेवतो. मग मेंटेनन्स मोड चालू करतो, म्हणजे बाहेरून येणाऱ्यास ‘काम चालू आहे’ एवढीच पाटी दिसावी. जुना कोड बाजूस सारून नवा ठेवतो, फायलींच्या परवानग्या पुन्हा लावतो, आणि टर्मिनलवर अपग्रेडची आज्ञा देतो. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटू लागतात: अमुक तक्ता तपासला, तमुक रकाना वाढविला, अमुक ॲप या आवृत्तीशी जुळत नाही म्हणून बंद केले. हे शेवटचे वाक्य त्याला सर्वांत धास्तीचे, कारण बंद झालेले ॲप म्हणजे बहुधा कार्यालयातील कोणाची तरी दिनदर्शिका किंवा पत्त्यांची वही असते, आणि ती उद्या सकाळी का उघडत नाही याचा जाब त्यालाच द्यावयाचा असतो. एखाद्या मोठ्या तक्त्याशी येऊन ओळी थांबतात. काम चालू आहे की अडकले आहे हे पडदा सांगत नाही. मध्येच तोडावे तर नोंदी अर्धवट राहण्याचे भय, आणि मागच्या आवृत्तीवर परतण्याची सोय या सॉफ्टवेअरात ठेवलेलीच नसल्यामुळे आधी काढलेली प्रत हाच एकमेव आधार. हे सारे पार पडले म्हणजे एक टप्पा झाला. सातवरून नवावर जाणाऱ्यास असे चार.

डेबियनची आठवी स्थिर आवृत्ती २०१५ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात ओनक्लाउडची सातवी आवृत्ती होती. पुढची स्थिर आवृत्ती निघावयाची ती दोन वर्षांनी, आणि निघालीही तशीच, २०१७ च्या जूनमध्ये. म्हणजे डेबियन वापरणाऱ्या माणसाने एका पावलात प्रणाली बदलली की त्याचे ओनक्लाउड सातवरून एकदम नवावर किंवा त्याही पुढे जाणार, मधले टप्पे त्याच्या वाटेवर येणारच नाहीत; कारण डेबियनच्या भांडारात एका वेळी एका सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती नांदते. यातून एक आणखी अडचण निघे. आठव्या डेबियनमध्ये पीएचपीची ५.६ ही आवृत्ती होती, नवव्यात ७.०. पीएचपी ७ हीच मुळी २०१५ च्या डिसेंबरातली. ओनक्लाउड ७ आणि ८.० त्यापूर्वीच लिहिली गेलेली. तेव्हा एखाद्याने हट्टाने मधले टप्पे हातांनी गाठावयाचे म्हटले, तरी नव्या प्रणालीत आल्यावर ते जुने कोड चालावेत अशी जमीनच त्यांच्या पायाखाली उरत नव्हती.

यावर डेबियनच्या बाजूने म्हणणे होते की, टप्पे गाळून येणाऱ्यालाही सामावून घेण्याची तरतूद मूळ सॉफ्टवेअरनेच करावी. ओनक्लाउडच्या बाजूने उत्तर होते की, तशी तरतूद आम्ही केलेली नाही, करणारही नाही, आणि जी वाट आम्ही तपासलेली नाही तिने जाणाऱ्याच्या विदाहानीची जोखीम आम्ही पत्करणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या शब्दावर ठाम राहिल्या, आणि २०१६ सालच्या पहिल्या काही महिन्यांत डेबियनमधील पॅकेजकर्त्यांनी ओनक्लाउडचा सर्व्हर आपल्या भांडारातून काढून घेण्याचा निर्णय केला.

ही कटुता एकाएकी आलेली नव्हती. त्यापूर्वी, २०१४ च्या ऑक्टोबरात, ओनक्लाउडच्या बाजूनेच उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनकडे विनंती गेली होती की, तुमच्या भांडारातील आमच्या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेचे ज्ञात दोष तसेच राहिलेले आहेत, ते कोणी दुरुस्त करीत नाही, आणि त्यामुळे आमच्या नावावर विसंबणारे लोक धोक्यात येतात. तेव्हा त्या आवृत्त्या काढून टाका. या तक्रारीत तथ्य होते. डिस्ट्रिब्युशनने जुनी आवृत्ती गोठवून ठेवावयाची, तिच्यात आपल्या पद्धतीने फेरफार करावयाचे, तिच्या पोटातील सामाईक लायब्ररी वेगळ्या काढून दुसऱ्याच जोडावयाच्या, आणि मग जे बिघडेल त्याच्या फिर्यादी मात्र मूळ लेखकांच्या दारी याव्यात, हे त्या लेखकांनी किती काळ सोसावे? नवव्या आवृत्तीत तर ओनक्लाउडने प्रत्येक फाईलवर स्वाक्षरीची सोय केली, आणि मूळ कोडात कोणी एक अक्षर बदलले तरी प्रशासकाला इशारा मिळू लागला. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच; परंतु डिस्ट्रिब्युशनचे काम ज्या फेरफारांवर चालते त्या प्रत्येक फेरफारावर त्यामुळे संशयाचा शिक्का बसला.

डेबियनची कैफियतही तितकीच सबळ. ज्या सॉफ्टवेअरचे आश्वासन असे आहे की सामान्य माणसाने आपली विदा आपल्या घरी ठेवावी, त्याने त्या माणसाला दर चार-सहा महिन्यांनी रात्र जागवून टप्पे ओलांडावयास लावावे, यात आश्वासनाचाच भंग आहे. सामान्य माणूस दोन वर्षे यंत्राकडे पाहणार नाही, हे गृहीत धरूनच त्याच्यासाठी काही बांधावे लागते. वर्षानुवर्षे असल्या माणसाचे हित पाहणे हेच डेबियनचे ब्रीद असल्यामुळे तिच्या पॅकेजकर्त्यांना ही गोष्ट इतकी स्वयंसिद्ध वाटे की, ती मान्य न करणारा पक्ष त्यांना बेफिकीर भासू लागला. आणि उलट बाजूस, आठवड्यागणिक दोष शोधून दुरुस्त करणाऱ्यांना दोन वर्षे जुना कोड जपणारे लोक अडेलतट्टू भासले.

माझे मत येथे स्पष्ट सांगतो. दोघांनीही आपापला शब्द पाळला, पण ते दोन शब्द वेगवेगळ्या कालमानाने मोजलेले होते, आणि ज्या एका जागी त्यांची रुजवात व्हावयास हवी होती, म्हणजे जुनी विदा किती मागून येऊन आत घ्यावयाची या मुदतीच्या कलमात, तेथे दोघांमध्ये कोणताही करार झालेला नव्हता. मुक्तस्रोत परवाना याबाबत मौन पाळतो. ओनक्लाउडचा परवाना एजीपीएल हा तर अत्यंत उदार: सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचाही कोड वापरणाऱ्यास मागता येतो, बदलता येतो. पण त्याच परवान्यात, इतर बहुतेक परवान्यांप्रमाणे, हे सॉफ्टवेअर कोणत्याही हमीविना दिले आहे असे स्वच्छ लिहिलेले असते. कोडावर माझा हक्क आहे. पुढच्या आवृत्तीने मला बरोबर न्यावे यावर नाही. तो हक्क परवान्याने मिळत नाही, तो त्या समुदायाने आपल्या वहिवाटीने आणि लेखी तरतुदीने निर्माण करावा लागतो, आणि जोवर तो निर्माण झालेला नाही तोवर स्वतःच्या घरी विदा ठेवणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य अपुरे आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

आणि असा करार अशक्य असतो असेही नाही. याच डेबियनचा मोझिलाशी फायरफॉक्सच्या नावावरून २००६ साली तंटा झाला होता. डेबियनने केलेले फेरफार मोझिलाच्या मंजुरीशिवाय त्या नावाखाली जाऊ नयेत असा मोझिलाचा आग्रह, आणि आपल्या वापरणाऱ्यांसाठी दुरुस्त्या करण्यास कोणाची मंजुरी मागणार नाही असा डेबियनचा. परिणामी डेबियनमध्ये तोच ब्राउझर दहा वर्षे आइसवीझल या नावाने वावरला. दरम्यान मोझिलाने २०१२ साली, मोठ्या संस्थांच्या सोयीसाठी, दीर्घकाळ सांभाळली जाणारी वेगळी आवृत्ती काढावयास सुरुवात केली. डेबियननेही आपला गोठवण्याचा नियम या एका सॉफ्टवेअरपुरता सैल केला आणि स्थिर प्रणालीतही ती नवी दीर्घ आवृत्ती येऊ दिली. आणि २०१६ साली फायरफॉक्स आपल्या नावानिशी डेबियनमध्ये परतला. दोन्ही बाजूंनी कालमानाच्या बाबतीत एकेक पाऊल टाकले, मग नावाचा तंटा आपोआप निवळला. त्याच वर्षी त्याच डेबियनमधून ओनक्लाउड बाहेर पडले, हा योगायोग मला नेहमी विचार करावयास लावतो.

ओनक्लाउडच्या घरातही त्या वर्षी शांतता नव्हती. एप्रिलच्या अखेरीस कार्लिचेकने आपण स्थापन केलेल्या कंपनीचा राजीनामा दिला, आणि जाताना जाहीरपणे जे प्रश्न विचारले त्यांचा आशय असा की, हा समुदाय कोणाच्या मालकीचा आहे, आणि नजीकचा पैसा मोठा की लांब पल्ल्याची जबाबदारी. कोड देणाऱ्या प्रत्येकाकडून कंपनी एक करारपत्र लिहून घेत असे, त्यायोगे तोच कोड बंद परवान्याखाली विकण्याचीही मुभा कंपनीला मिळे. हे अनेकांना खटकत असे. २ जून २०१६ रोजी कार्लिचेक आणि त्याचे बरेच जुने सहकारी नेक्स्टक्लाउड हे नाव घेऊन पुढे आले. अमेरिकेतील सावकारांनी ओनक्लाउडची पतमर्यादा रद्द केली आणि तेथील कंपनी काही तासांतच बंद पडली. न्युरेंबर्गची जर्मन शाखा मात्र टिकली आणि तिने ओनक्लाउडचे काम पुढे चालू ठेवले.

फुटून निघालेल्यांनी सर्वांत आधी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. करारपत्राची अट त्यांनी काढून टाकली, हे अपेक्षितच होते. पण त्याच महिन्यात त्यांनी जी पहिली आवृत्ती काढली तिला १ हा क्रमांक न देता ९ हा दिला, आणि जाहीर केले की ओनक्लाउड ९ वर असलेल्या कोणालाही आपली विदा जशीच्या तशी घेऊन इकडे येता येईल. कोड बदला, अपग्रेडची आज्ञा द्या, झाले. माझ्या मते त्या सबंध तंट्यातील हा सर्वांत अर्थपूर्ण दस्तऐवज होता. मालकीचा वाद चालू असताना वारस कोण, हे त्यांनी मागच्या आवृत्तीतील माणसाला पुढे नेण्याच्या शक्तीने सिद्ध करून दाखविले. जी सुसंगतता डेबियनच्या वापरणाऱ्याला मागून मिळाली नव्हती, तीच आता हक्काचा पुरावा म्हणून आपण होऊन दिली गेली.

ही सोय फार काळ तितकी सोपी राहिली नाही, आणि राहणे शक्यही नव्हते. दोन कोड निरनिराळ्या हातांत वाढू लागले की दोघांच्या डेटाबेसांची मांडणी वेगळी होत जाते. काही वर्षांत एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट ठराविक आवृत्त्यांच्या ठराविक जोड्यांपुरतीच उरली. नेक्स्टक्लाउड युरोपात पुष्कळ फैलावले. जर्मनीच्या केंद्र सरकारच्या संगणकसेवेने ते पत्करले. परंतु एका वेळी एकच मुख्य आवृत्ती ओलांडावयाची, हा नियम तेथेही कायम आहे, आणि डेबियनच्या मुख्य भांडारात नेक्स्टक्लाउडचा सर्व्हर आलेला नाही. मालकीचा प्रश्न सुटला, कालमानाचा सुटला नाही. मला याची खंत वाटते, कारण ज्यांनी जबाबदारीच्या प्रश्नावर घर सोडले त्यांच्याकडून ही अपेक्षा इतरांपेक्षा अधिक करावयाची असते.

ओनक्लाउडने पुढे पीएचपीचा मार्गच सोडला आणि गो भाषेत अगदी नव्याने दुसरे सॉफ्टवेअर लिहिले. त्याच्या पायाशी सर्नमध्ये तयार झालेला रेवा नावाचा कोड आहे. सर्नने आपल्या कोठाराच्या पोटातील सर्व्हर बदलला, पण शास्त्रज्ञांच्या संगणकांवर फायली आणून ठेवणारा क्लायंट ज्या वेबडॅव या जुन्या, लेखी, सर्वांना खुल्या प्रमाणाने बोलत होता ते प्रमाण राखले. आतले कितीही उलटेपालटे होवो, बाहेरच्या माणसाशी ज्या सीमेवर बोलणे होते तेथील बोली बदलावयाची नाही, या पथ्याने केवढे मोठे स्थित्यंतर निभावून नेता येते, याचा हा दाखला. २०२३ सालच्या अखेरीस ओनक्लाउड काइटवर्क्स या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात गेले, आणि २०२५ च्या आरंभी त्या गो भाषेतील कोडातूनही ओपनक्लाउड नावाची नवी शाखा फुटली. इतिहास पुन्हा त्याच वळणावर आला, आणि यावेळीही वापरणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच होता: आमच्या फायली तशाच इकडे येतील ना?

या प्रश्नाला बरे उत्तर शोधलेल्या एका समुदायाचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केलेला ओपनस्टॅक हा प्रकल्प सबंध डेटासेंटर चालविण्याचे सॉफ्टवेअर देतो. त्याच्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी निघतात, आणि कित्येक वर्षे तेथेही एकेक टप्पा ओलांडण्याचा दंडक होता. हजारो यंत्रे चालविणाऱ्या संस्थांना तो पेलेना. त्या मागे पडत, मागे पडल्या की पुढे येणे अधिक दुर्घट होई. पुष्कळ वादविवादानंतर त्या समुदायाने २०२३ च्या पहिल्या आवृत्तीपासून नवी पद्धत ठरविली. वर्षातील एक आवृत्ती मुक्कामाची धरावयाची, आणि एका मुक्कामावरून थेट पुढच्या वर्षीच्या मुक्कामावर जाण्याची वाट, मधली आवृत्ती गाळून, राखावयाची. एखादी जुनी सोय काढून टाकावयाची असेल तर तिची पूर्वसूचना मुक्कामाच्या आवृत्तीत दिलेली असली पाहिजे, म्हणजे मधल्या आवृत्तीकडे न फिरकणाऱ्यासही ती कळावी. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा केवळ ठराव राहिला नाही. ग्रेनेड नावाची एक स्वयंचलित तपासणी आहे. ती जुनी आवृत्ती उभारते, तिच्यात काही यंत्रे आणि फायली निर्माण करते, मग नवी आवृत्ती चढविते आणि आधीचे सारे जागच्या जागी आहे की नाही ते पाहते. मुक्काम ते मुक्काम हा प्रवासही या तपासणीत घातला गेला. दिलेला शब्द असा यंत्राच्या रोजच्या कामात बसविला म्हणजे तो कोणाच्या सौजन्यावर अवलंबून राहत नाही.

आपल्याकडील शिक्षणसंस्था, सहकारी पतपेढ्या, ग्रंथालये यांचे चालक अलीकडे विचारू लागले आहेत की, विदा परक्या कंपन्यांकडे ठेवण्यापेक्षा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर आपल्याच इमारतीत का ठेवू नये. अवश्य ठेवावी, मी त्याचा पुरस्कर्ता आहे. पण सॉफ्टवेअरची निवड करताना त्याच्या पडद्यावर काय दिसते यापेक्षा दोन गोष्टी अधिक बारकाईने विचाराव्यात: किती मागच्या आवृत्तीवरून थेट येता येते, आणि त्या वाटेची तपासणी कोणी, किती वेळा करते. करारनाम्यात, निविदेत, देखभालीच्या वार्षिक मसुद्यात या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. आणि पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांतून जे विद्यार्थी मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावू इच्छितात, पण कोठून सुरुवात करावी म्हणून अडतात, त्यांना माझे सांगणे असे की, नवी सोय लिहिण्याच्या मोहात न पडता एखाद्या प्रकल्पाच्या दोन आवृत्त्या मागचा डेटाबेस घ्या, तो आजच्या आवृत्तीवर चढविणारी एक तपासणी लिहा, आणि ती जेथे मोडते तेथील दोष त्या प्रकल्पाकडे नीट दाखल करा. असले काम हाती घेणारे लोक प्रत्येक प्रकल्पाला कमी पडतात. आणि २०१६ साली डेबियन व ओनक्लाउड यांच्यामध्ये जी जागा रिकामी राहिली होती ती नेमकी याच कामाची होती.